जगाचा सेवक : डाग हॅमरशोल्ड

प्रस्तावना

गावात दोन भाऊबंदांत तंटा पेटला, की मध्ये पडणाऱ्या तिऱ्हाइताचे काम मोठे अवघड असते. तो गप्प राहिला, तर दुबळा मार खातो. त्याने एकाची बाजू घेतली, तर दुसरा त्याला वैरी मानतो. आणि घरचा कारभारच त्याने आपल्या हाती घेतला, तर घरधनी स्वतःच्याच घरात परका होतो. हाच प्रसंग एखाद्या संपूर्ण देशावर ओढवला, तर बाहेरच्यांनी काय करावे? तेथे शांतता कोणी आणि कशी प्रस्थापित करावी? न्याय कोणी द्यावा? विसाव्या शतकाच्या मध्यावर या प्रश्नांना प्रत्यक्ष सामोरे गेलेले संयुक्त राष्ट्रसंघाचे दुसरे सरचिटणीस डाग हॅमरशोल्ड यांच्या जीवनाचा व कार्याचा परिचय या पाठात करून दिला आहे.

मूळ पाठ

जडणघडण

डाग हॅमरशोल्ड यांचा जन्म २९ जुलै १९०५ रोजी स्वीडनमधील यॉनशॉपिंग या गावी झाला. चार भावांत ते सर्वांत धाकटे. त्यांच्या घराण्यात पिढ्यान्पिढ्या राजसेवेची परंपरा होती. वडील याल्मार हॅमरशोल्ड हे नामवंत कायदेपंडित होते. उप्साला प्रांताचे राज्यपाल म्हणून त्यांची नेमणूक झाल्यामुळे डाग यांचे बालपण उप्सालाच्या टेकडीवरील जुन्या किल्लेवजा वाड्यात गेले. आई अ‍ॅग्नेस या श्रद्धाळू व मायाळू स्वभावाच्या होत्या. वडिलांकडून कर्तव्यनिष्ठा आणि आईकडून माणसांविषयीची आस्था असा दुहेरी वारसा त्यांना लाभला.

पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१४ ते १९१७ या वर्षांत, याल्मार हे स्वीडनचे पंतप्रधान होते. त्यांनी आपला देश युद्धापासून अलिप्त ठेवला. परंतु सागरी व्यापार अडल्यामुळे अन्नधान्याची टंचाई निर्माण झाली आणि लोकांचा रोष पंतप्रधानांवर ओढवला. अखेर त्यांना पद सोडावे लागले. कोणाचीही बाजू न घेणाऱ्या माणसाला प्रसंगी सर्वांचेच बोल सोसावे लागतात, हा धडा अकरा-बारा वर्षांच्या डागला घरातच मिळाला. पुढे त्यांच्या स्वतःच्या आयुष्यात तो फार मोठ्या प्रमाणावर खरा ठरायचा होता.

उप्साला विद्यापीठात त्यांनी साहित्य, तत्त्वज्ञान, अर्थशास्त्र आणि कायदा या विषयांचा अभ्यास केला. १९३३ मध्ये त्यांना अर्थशास्त्रातील डॉक्टरेट मिळाली. त्या काळात जागतिक मंदीमुळे लाखो लोकांचे रोजगार बुडाले होते. बेकारीच्या प्रश्नासाठी स्वीडन सरकारने नेमलेल्या समितीचे सचिव म्हणून त्यांनी काम केले. पुढे अर्थखात्याचे उपसचिव आणि देशाच्या मध्यवर्ती बँकेच्या संचालक मंडळाचे अध्यक्ष अशी जबाबदारीची पदे त्यांनी तरुण वयातच सांभाळली. १९५१ मध्ये ते मंत्रिमंडळात गेले. मात्र कोणत्याही राजकीय पक्षाचे सभासदत्व त्यांनी घेतले नाही. शासकीय सेवकाने पक्षाचे नव्हे, तर कायद्याचे व जनतेचे काम करावे, अशी त्यांची धारणा होती. ते आजन्म अविवाहित राहिले. काव्यवाचन, चिंतन आणि डोंगर चढणे हे त्यांचे विरंगुळे होते.

जगातील सर्वांत अवघड पद

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४५ मध्ये, संयुक्त राष्ट्रसंघाची स्थापना झाली. राष्ट्राराष्ट्रांतील तंटे युद्धाने नव्हे, तर विचारविनिमयाने सुटावेत, हा तिचा हेतू. परंतु लवकरच अमेरिका व सोव्हिएत संघ या दोन महासत्तांमध्ये शीतयुद्ध सुरू झाले. कोरियातील युद्ध सुरू झाल्यानंतर सोव्हिएत संघाने पहिले सरचिटणीस ट्रिग्वे ली यांच्याशी असहकार पुकारला आणि ली यांनी राजीनामा दिला. दोन्ही गटांना चालेल असा माणूस शोधता शोधता सुरक्षा परिषदेची दृष्टी हॅमरशोल्ड यांच्यावर स्थिरावली. ३१ मार्च १९५३ च्या रात्री ही बातमी त्यांना कळली, तेव्हा कोणीतरी एप्रिल फूलची थट्टा करीत आहे, असेच त्यांना वाटले. त्यांनी या पदासाठी कोणताही प्रयत्न केला नव्हता. १० एप्रिल १९५३ रोजी, वयाच्या ४७ व्या वर्षी, त्यांनी सूत्रे हाती घेतली.

हा अबोल अधिकारी निमूटपणे कचेरी सांभाळील, अशी बड्या राष्ट्रांची अपेक्षा होती. ती लवकरच फोल ठरली. त्या वेळी अमेरिकेत साम्यवाद्यांचा शोध घेण्याची लाट उसळली होती आणि अमेरिकी गुप्तचर राष्ट्रसंघाच्या इमारतीत बसून कर्मचाऱ्यांची चौकशी करीत होते. हॅमरशोल्ड यांनी त्यांना इमारतीबाहेर काढले. राष्ट्रसंघाचा सेवक हा कोणत्याही एका देशाचा हुकूम मानणार नाही, हे त्यांनी कृतीने दाखवून दिले.

१९५५ च्या जानेवारीत ते पेकिंगला गेले. कोरियाच्या युद्धात पकडलेल्या ११ अमेरिकी वैमानिकांना चीनने हेरगिरीच्या आरोपावरून तुरुंगात टाकले होते. साम्यवादी चीनला त्या वेळी राष्ट्रसंघात स्थान नव्हते. तरीही हॅमरशोल्ड यांनी चीनचे पंतप्रधान चौ एन लाय यांच्याशी शांतपणे व सन्मानाने बोलणी केली. त्यांनी गाजावाजा केला नाही आणि धमक्याही दिल्या नाहीत. काही महिन्यांनी, त्यांच्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या सुमारास, हे वैमानिक मुक्त झाले.

निळ्या शिरस्त्राणांची सेना

१९५६ मध्ये इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी सुवेझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर इस्राएलने इजिप्तवर हल्ला केला आणि पाठोपाठ ब्रिटन व फ्रान्स यांनीही सैन्य पाठवले. सुरक्षा परिषदेत ब्रिटन व फ्रान्स यांना नकाराधिकार असल्यामुळे परिषद हतबल झाली. तेव्हा प्रश्न आमसभेपुढे आला. कॅनडाचे परराष्ट्रमंत्री लेस्टर पिअर्सन यांनी राष्ट्रसंघाचे स्वतंत्र शांतिदल उभारण्याची कल्पना मांडली. असे दल पूर्वी कधी उभारले गेले नव्हते. हॅमरशोल्ड यांनी अवघ्या काही दिवसांत त्याचा आराखडा तयार केला. नोव्हेंबरच्या मध्यावर पहिले सैनिक इजिप्तमध्ये उतरलेसुद्धा. दुरूनही ओळखू यावेत म्हणून त्यांच्या शिरस्त्राणांना निळा रंग देण्यात आला. त्या दलात दहा देशांचे सुमारे ६,००० सैनिक होते आणि त्यांत भारतीय जवानांचाही मोठा वाटा होता.

या अनुभवातून हॅमरशोल्ड यांनी शांतिसेनेचे नियम १९५८ मध्ये लेखी स्वरूपात मांडले. ज्या देशात सेना जाईल, त्या देशाची संमती हवी. सेनेने स्वसंरक्षणाखेरीज शस्त्र चालवू नये. तिने देशांतर्गत राजकीय भांडणात कोणाचीही बाजू घेऊ नये. सुवेझच्या वाळवंटात, दोन सैन्यांच्या मधल्या रेषेवर, हे नियम उत्तम चालले. परंतु जेथे रेषाच नाही, जेथे शासन कोलमडलेले आहे आणि एकाच देशाचे लोक परस्परांवर उठले आहेत, तेथे काय करावे? या प्रश्नाचे उत्तर त्या नियमांत नव्हते. ते शोधण्याची वेळ १९६० मध्ये काँगोत आली.

काँगोचा वणवा

आफ्रिकेच्या मध्यभागी असलेला काँगो हा अफाट व खनिजसंपन्न देश. १८८५ पासून १९०८ पर्यंत तो बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याची जणू खाजगी मालमत्ता होता. रबर व हस्तिदंतासाठी तेथील प्रजेवर अमानुष अत्याचार झाले. पुढे तो बेल्जियमची वसाहत झाला. ३० जून १९६० रोजी काँगोला स्वातंत्र्य मिळाले, तेव्हा सबंध देशात पदवीधर अगदीच मोजके होते आणि सैन्यात एकही अधिकारी काँगोली नव्हता. राज्य चालवण्याची तयारी होऊ न देताच राज्यकर्ते राज्य सोडून गेले होते.

अवघ्या पाच दिवसांत सैनिकांनी बंड केले. आपल्या नागरिकांच्या रक्षणाचे कारण सांगून बेल्जियमचे सैन्य परत आले. ११ जुलैला तांब्याच्या खाणींनी समृद्ध असलेला कटांगा प्रांत मोइसे त्शोम्बे यांच्या नेतृत्वाखाली फुटून निघाला. त्यांच्या पाठीशी बेल्जियमचे अधिकारी, खाणमालकांचा पैसा आणि पुढे भाडोत्री सैनिकही होते. अध्यक्ष कासावुबू आणि पंतप्रधान पॅट्रिस लुमुम्बा यांनी राष्ट्रसंघाकडे धाव घेतली.

जागतिक शांततेला धोका निर्माण झाल्यास सरचिटणीस स्वतःहून सुरक्षा परिषदेचे लक्ष वेधू शकतो, असे सनदेचे कलम ९९ सांगते. हॅमरशोल्ड यांनी या कलमाचा आधार घेऊन परिषदेची बैठक बोलावली. १४ जुलैच्या पहाटेपर्यंत ठराव झाला आणि दुसऱ्याच दिवशी पहिल्या तुकड्या काँगोत उतरल्या. पुढे ही सेना जवळजवळ २०,००० पर्यंत वाढली. सैनिकांबरोबर डॉक्टर, अभियंते, शिक्षक आणि प्रशासकही गेले. बंद पडलेली रुग्णालये, विमानतळ व कचेऱ्या चालू ठेवण्याचे काम त्यांनी केले. केवळ गोळीबार थांबवून देश उभा राहत नाही, त्याचा कारभारही सावरावा लागतो, ही जाणीव या योजनेत होती.

न्याय की तटस्थता?

लुमुम्बा यांची मागणी स्पष्ट होती. राष्ट्रसंघाची सेना आलीच आहे, तर तिने कटांगाचे बंड मोडून काढावे. हॅमरशोल्ड यांनी नकार दिला. परकीय सैन्य घालवणे हे आपले काम आहे. पण देशांतर्गत तंटा बळाने सोडवणे हे नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ऑगस्टमध्ये ते स्वतः कटांगाला गेले आणि राष्ट्रसंघाच्या तुकड्यांना तेथे प्रवेश मिळवून दिला. मात्र हे करताना त्यांनी लुमुम्बा यांना विश्वासात घेतले नाही. बंडखोराशी परस्पर बोलणी झाली, म्हणून लुमुम्बा संतापले आणि त्यांनी सोव्हिएत संघाची मदत मागितली. काँगोचा प्रश्न आता शीतयुद्धात ओढला गेला.

५ सप्टेंबर १९६० रोजी कासावुबू यांनी लुमुम्बा यांना पदच्युत केले. लुमुम्बा यांनी उलट कासावुबू यांनाच बडतर्फ केल्याचे जाहीर केले. रक्तपात टाळण्यासाठी राष्ट्रसंघाच्या अधिकाऱ्यांनी विमानतळ व राजधानीतील नभोवाणी केंद्र बंद केले. वरवर हा निर्णय दोन्ही पक्षांना सारखाच होता. प्रत्यक्षात कासावुबू यांना नदीपलीकडच्या शेजारी देशाचे नभोवाणी केंद्र वापरता आले. लुमुम्बा मात्र आपल्या लोकांपर्यंत पोहोचू शकले नाहीत. सर्वांना एकच नियम लावला, तरी सर्वांना सारखा न्याय मिळतोच असे नाही, हे येथे दिसून आले. लगेच कर्नल मोबुटू यांनी लष्करी बळावर सत्ता हाती घेतली.

याच सुमारास हॅमरशोल्ड यांचे प्रतिनिधी म्हणून भारताचे मुत्सद्दी राजेश्वर दयाल काँगोत दाखल झाले. घटनेनुसार चालणारे सरकार व संसद यांचा त्यांनी आग्रह धरला. त्यामुळे मोबुटू आणि त्यांना पाठिंबा देणारी पाश्चात्त्य राष्ट्रे दयाल यांच्यावर नाराज झाली. १९६१ च्या मे महिन्यात त्यांना ते काम सोडावे लागले.

लुमुम्बा राजधानीतील आपल्या निवासस्थानी होते. घराभोवती राष्ट्रसंघाच्या सैनिकांचे कडे आणि त्याबाहेर मोबुटूंच्या सैनिकांचे कडे, अशी विचित्र स्थिती होती. २७ नोव्हेंबरच्या रात्री लुमुम्बा आपल्या समर्थकांकडे जाण्यासाठी बाहेर पडले आणि काही दिवसांतच पकडले गेले. वाटेत राष्ट्रसंघाचे सैनिक होते; पण मध्ये न पडण्याचे त्यांना आदेश होते. लुमुम्बा यांना कायद्यानुसार वागणूक मिळावी, असे हॅमरशोल्ड यांनी कासावुबू यांना पत्राने कळवले. पत्रापलीकडे काही घडले नाही. १७ जानेवारी १९६१ रोजी लुमुम्बा व त्यांच्या दोन सहकाऱ्यांना कटांगाला नेण्यात आले आणि त्याच रात्री बेल्जियन अधिकाऱ्यांच्या उपस्थितीत त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. ज्या पंतप्रधानाने राष्ट्रसंघाला बोलावले होते, त्याचेच प्राण राष्ट्रसंघ वाचवू शकला नाही. हॅमरशोल्ड यांच्या कारकिर्दीवरील हा सर्वांत गडद डाग आहे आणि तो पुसण्यासारखा नाही.

जगभर संताप उसळला. सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी १९६० च्या हिवाळ्यापूर्वीच हॅमरशोल्ड यांचा राजीनामा मागितला होता आणि एका सरचिटणिसाऐवजी तिघांचे मंडळ नेमण्याची सूचना केली होती. त्यावर हॅमरशोल्ड यांनी आमसभेत ठाम उत्तर दिले होते. बड्या राष्ट्रांना राष्ट्रसंघाची तितकी गरज नाही. गरज आहे ती इतर सर्व राष्ट्रांना, आणि त्यांची इच्छा असेल तोवर आपण पद सोडणार नाही, असा त्याचा आशय होता. आशिया व आफ्रिकेतील नवस्वतंत्र देशांनी उभे राहून टाळ्यांचा कडकडाट केला होता.

२१ फेब्रुवारी १९६१ रोजी सुरक्षा परिषदेने नवा ठराव केला. यादवी टाळण्यासाठी, अखेरचा उपाय म्हणून, बळाचा वापर करण्याची मुभा शांतिसेनेला मिळाली. भारताने मार्चमध्ये सुमारे ५,००० जवानांची ब्रिगेड पाठवली. शस्त्राविना शांतता हे तत्त्व आता मागे पडले होते. ते मागे पडण्यास उशीर झाला, असे काहींना वाटले. ते मागे पडायलाच नको होते, असे इतरांना वाटले.

अखेरचा प्रवास

सप्टेंबर १९६१ मध्ये कटांगातील भाडोत्री सैनिकांना हटवण्यासाठी शांतिसेनेने कारवाई केली. तिचे रूपांतर लढाईत झाले. त्याच दिवशी काँगोत पोहोचलेल्या हॅमरशोल्ड यांना हा रक्तपात थांबवायचा होता. त्शोम्बे यांची समक्ष भेट घेऊन शस्त्रसंधी घडवून आणावी, असे त्यांनी ठरवले. भेटीचे ठिकाण होते उत्तर ऱ्होडेशियातील, म्हणजे आजच्या झांबियातील, एन्डोला. १७ सप्टेंबरच्या दुपारी त्यांचे विमान निघाले. हल्ल्याच्या भीतीने ते वळसा घालून गेले. मध्यरात्र उलटल्यावर एन्डोलाच्या धावपट्टीजवळ पोहोचलेले विमान जंगलात कोसळले. विमानातील १६ जणांपैकी १५ जण जागीच गतप्राण झाले. वाचलेला एक सुरक्षारक्षकही काही दिवसांनी मरण पावला.

हा अपघात होता की घातपात? वसाहतीच्या शासनाने केलेल्या चौकशीत वैमानिकांची चूक असल्याचा निष्कर्ष निघाला. राष्ट्रसंघाच्या चौकशीने मात्र प्रश्न खुला ठेवला. अनेक वर्षांनी नवे पुरावे पुढे आल्यामुळे टांझानियाचे माजी सरन्यायाधीश मोहम्मद चांडे ओथमान यांच्याकडे हे काम सोपवण्यात आले. बाहेरून झालेला हल्ला हे कारण असू शकते, असे त्यांच्या २०१७ च्या व त्यानंतरच्या अहवालांत म्हटले आहे. काही राष्ट्रांनी आपली गुप्त कागदपत्रे पूर्णपणे खुली केली नाहीत, हेही त्यांनी नमूद केले. इतरांसाठी न्याय मागणाऱ्या माणसाच्या मृत्यूचा न्याय असा अडून राहिला.

१९६१ चे शांततेचे नोबेल पारितोषिक हॅमरशोल्ड यांना मरणोत्तर देण्यात आले. उप्साला येथे घराण्याच्या दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती मिळाली. त्यांच्या न्यूयॉर्कमधील घरात चिंतनपर टिपणांची एक वही सापडली. १९६३ मध्ये ती प्रसिद्ध झाली, तेव्हा या अबोल मुत्सद्द्याच्या अंतरंगातील साधक जगाला प्रथम दिसला.

मागे राहिलेला प्रश्न

त्यांच्या मृत्यूनंतरही काँगोतील संघर्ष चालू राहिला. ५ डिसेंबर १९६१ रोजी कटांगाची राजधानी एलिझाबेथव्हिल येथे भारताचे कॅप्टन गुरबचन सिंग सलारिया यांनी आपल्याहून मोठ्या संख्येच्या शत्रूवर चाल करून वीरमरण पत्करले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र देण्यात आले. १९६३ च्या जानेवारीत कटांगाचे बंड संपले आणि १९६४ च्या जूनअखेर शांतिसेना परतली. देश एकसंध राहिला. पण तेथे लोकांचे राज्य आले नाही. १९६५ मध्ये मोबुटू यांनी पुन्हा सत्ता बळकावली आणि १९९७ पर्यंत हुकूमशाही गाजवली. लुमुम्बा यांच्या हत्येबाबत बेल्जियमने २००२ मध्ये माफी मागितली. त्यांचा उरलेला एकमेव अवशेष, एक दात, २०२२ मध्ये कुटुंबीयांच्या हाती दिला.

राष्ट्रसंघाच्या सेवेत प्राण वेचणाऱ्या शांतिसैनिकांना आज डाग हॅमरशोल्ड पदक मरणोत्तर दिले जाते. भारताच्या दीडशेहून अधिक शांतिसैनिकांनी आजवर असे बलिदान केले आहे.

हॅमरशोल्ड यांनी जगाला शांतिसेनेची पद्धत दिली आणि तिच्या मर्यादाही आपल्या यशापयशातून दाखवून दिल्या. तटस्थ राहणे म्हणजे अन्यायाकडे पाठ फिरवणे नव्हे, हे काँगोने शिकवले. तसेच, बाहेरून आलेली सेना युद्ध थांबवू शकते, उपाशी माणसाला अन्न देऊ शकते, प्रसंगी एखादा प्रांत फुटण्यापासून वाचवू शकते. पण न्यायाचे राज्य तेथील लोकांनाच उभारावे लागते, हेही काँगोनेच शिकवले. या दोन धड्यांच्या मधल्या बिकट वाटेवर डाग हॅमरशोल्ड चालत राहिले आणि शस्त्रसंधीच्या शोधात असतानाच त्यांचा देह पडला.

स्वाध्याय

१. वडिलांच्या जीवनातून डाग हॅमरशोल्ड यांना कोणता धडा मिळाला?
२. शांतिसेनेसाठी हॅमरशोल्ड यांनी कोणते नियम मांडले? सुवेझमध्ये यशस्वी झालेले नियम काँगोत अपुरे का पडले?
३. विमानतळ व नभोवाणी केंद्र बंद करण्याचा निर्णय दोन्ही पक्षांना सारखा होता का? कारणांसह लिहा.
४. लुमुम्बा यांच्या रक्षणाबाबत राष्ट्रसंघाने घेतलेली भूमिका तुम्हांला योग्य वाटते का? आपले मत आठ-दहा ओळींत मांडा.
५. तुमच्या परिसरातील एखाद्या तंट्यात तिऱ्हाइताने केलेल्या मध्यस्थीचा अनुभव थोडक्यात लिहा.